कापसाला टेकलेली बाळंतीण

मी हृदयाची डॉक्टर आहे हे कळलं की लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाडी बघायला हात पुढे करतात. मग मी सांगते की माझा अभ्यास गरोदर बायकांच्या आणि बाळंतिणींच्या हृदयाचा आहे. हे ऐकलं की हात मागे जातो आणि माणूस शेजारच्याशी बोलायला लागतो. आर्णीकडच्या एका काकांनी मात्र जिलबी खाली ठेवून विचारलं होतं, "बाळंतिनीचं कायीज काय येगळं रायते का बाई?"

काकांचा प्रश्न अगदी रास्त होता. माझं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर निघालं. त्यांना मी जे उत्तर दिलं तेच इथं देते, कारण इतकी वर्षं व्याख्यानं देऊनही मला त्याहून सोपं सुचलेलं नाही. समजा, विहिरीवर एक मोटर आहे आणि तिच्यावर एक वावर ओलित होतं. बाई गरोदर राहिली की त्याच मोटरीवर दोन वावरं भिजवायची असतात. बहुतेक मोटरी हे काम बिनबोभाट करतात. पण काही जणींचं बीपी गरोदरपणात वाढतं आणि त्यातल्या काहींच्या हृदयावर त्याचा ताण येतो. शेवटच्या महिन्यात, किंवा बाळंत होऊन सगळे पेढे वाटत असताना, हृदय फुगतं आणि थकतं. मोटर चालू दिसते, पण वावराच्या टोकापर्यंत पाणी पोचत नाही. मागे तुंबलेलं पाणी फुफ्फुसांत उतरतं. बाई आडवी झाली की गुदमरते, उठून बसली की तिला बरं वाटतं.

दुखणं ओळखलं तर औषधं आहेत, आणि पुष्कळ जणी पूर्ण बऱ्या होतात. या आजाराची खरी खोच अशी की याची सगळी लक्षणं बाळंतिणीला असतातच असं लोक धरून चालतात. पाय सुजले? सुजतातच. धाप लागते? लागणारच, अंगावरचं दूध आहे. थकवा? लेकरू रात्री झोपू देत नाही. बाई मरायला टेकते तरी घरात कुणाला वावगं वाटत नाही, आणि म्हणूनच मला हा आजार वैऱ्यासारखा वाटतो.

आमचा अभ्यास बऱ्याच ठिकाणी एकाच वेळी चालू होता. यवतमाळ जिल्हा माझ्याकडे. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायकांची नोंदणी करायची, छातीवर सोनोग्राफीसारखं मशीन ठेवून हृदय बघायचं, आणि बाळंतपणानंतर पुन्हा बघायचं. त्या तपासणीला इको म्हणतात. एवढंसं मशीन गावोगाव न्यायची परवानगी मिळवता मिळवता माझेच ठोके चुकले, आणि परवानगी मिळाल्यावर गावोगावच्या सासवा भेटल्या. "मंग त्यात दिसून राह्यलं असन ना, पोट्टं हाय का पोट्टी?" मी सांगायची की हे मशीन छातीच्या खाली उतरत नाही आणि मीही उतरू देणार नाही. ढाणकीला एका म्हाताऱ्याने तर बैल दारात आणून उभा केला. "चढावर बसते, याचंबी पाहून द्या." मी नाही म्हटल्यावर तो जिल्ह्यातल्या समस्त डॉक्टरांवर रागावला. बैल मात्र शांत होता.

आमच्या गाडीत तिघं. मी, वंदना सिस्टर आणि सलीमभाई. वंदना सिस्टर प्रश्न विचारायची. तिचा आवाज इतका गोड, की बायका नवऱ्याला न सांगितलेलं तिला सांगत. सलीमभाई यवतमाळात, लोहारा भागाच्या बाजूला गॅरेज चालवायचे. आमची गाडी दुरुस्तीला तिथं इतकी जायची, की शेवटी मी गाडीसोबत त्यांनाच घेऊन आले. मशीनची बॅटरी उतरली की ते गाडीच्या बॅटरीवर मशीन चालवून दाखवत. त्या जुगाडाबद्दल मी वरिष्ठांना कधी कळवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, "झोपताना किती उशा घेता?" हा प्रश्न जगभरचे डॉक्टर विचारतात. हृदय थकलेल्या माणसाला सपाट झोपवत नाही, म्हणून तो एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा करतो. उशा वाढल्या की डॉक्टरचे कान टवकारतात. आमच्या बाळंतिणींचं उत्तर ठरलेलं असायचं, "एकबी नाई." सिस्टर फोन करून विचारायची, उत्तर लिहायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. मशीन एकच, म्हणून बाळंतपणानंतरचा इको ज्यांच्या उशा वाढल्या त्यांचा आधी, बाकीच्यांचा सवडीनं.

अभ्यासाचे प्रमुख दूरच्या मोठ्या शहरात बसत. आम्ही सगळे त्यांना मोठे सर म्हणायचो. एका बैठकीत ते संगणकाच्या पडद्यावरून हसत म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यातल्या बायकांना दमच लागत नाही की काय? यवतमाळची हवा फारच चांगली दिसते." बाकीच्या ठिकाणचे डॉक्टर हसले. मीही दात दाखवले, कारण कॅमेरा चालू होता. पण ते बोलणं मला डाचत राहिलं. आमच्या बायकांचं बीपी इतकं वाढतं, आणि हृदयं सगळी ठणठणीत? हे पटत नव्हतं. कुठं चुकतंय तेही कळत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आम्ही फुलसावंगीला गेलो. प्रणिता नावाच्या मुलीची नोंदणी ढाणकीला, तिच्या सासरी झाली होती. गरोदरपणात बीपी बरंच चढलं होतं. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी फुलसावंगीला आली, तिथून दवाखान्यात जाऊन बाळंत झाली, मुलगी झाली, आणि पुन्हा माहेरच्या घरी निजली. फोनवर सगळं ठीक होतं. उशा एकही नाही. इको करायचा राहिला होता, एवढंच.

दुपारची वेळ होती. अंगणात व्यापाऱ्याची मालवाहू गाडी उभी होती आणि प्रणिताचे वडील, रामराव, घरातला कापूस चादरीत बांधून बांधून गाडीत टाकत होते. भाव आला होता, त्यामुळे माणूस खुशीत होता. आमच्याकडे कापूस वेचून झाला की लगेच विकत नाहीत. घरातली एक खोली रिकामी करून छतापर्यंत भरतात आणि भावाची वाट बघतात. मी स्वतः अशाच घरात वाढले. तेव्हा आमच्या घरात माणसं कुठंही दाटीवाटीनं राहायची, पण कापसाला जागा ऐसपैस.

प्रणिताची आई, शोभाबाई, यांनी ओसरीवरच आम्हाला चहा दिला आणि आतल्या दारात उभ्या राहिल्या. म्हणजे आत जायचं नाही.

"सव्वा महिना नाई झाला ना मॅडम अजून. बाळंतिनीले हवा लागते. झाल्यावर या, मी सोता घेऊन येतो तिले."

मी म्हटलं, हवा मीही आणलेली नाही, फक्त मशीन आणलं आहे. त्या हसल्या, पण दारातून हलल्या नाहीत. दिवस कलायला लागला होता आणि आम्हाला अजून पुढं जायचं होतं. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. पुढच्या फेरीत बघू, असं माझ्या तोंडावर आलंच होतं. तेवढ्यात शोभाबाईंनी लेकीची तक्रार सुरू केली. आयांना लेकीची तक्रार सांगायला चहा पिणारं परकं माणूस फार आवडतं.

"आताच्या पोट्टीयचं काई सांगू नोका. नवी खाट देली, खाली शेगडी देली, दोन येळ आंग शेकतो तिचं. पन ते काई खाटेवर रायत नाई. जाऊन बसते कापसावर! तिथंच टेकते, तिथंच झोपते. आंगाले खाज सुटली, मान लाल झाली, तरी उठत नाई. लाडावून ठेवली तिच्या बापानं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

घरात साठवलेल्या कापसावर कुणी झोपत नाही. दिसायला पांढराशुभ्र, मऊ, पण महिनाभर खोलीत राहिला की त्यातून अशी खाज सुटते की माणूस रडकुंडीला येतो. आम्ही भावंडं लहानपणी कापसात एकदा उड्या मारायचो आणि मग आठवडाभर खाजवत बसायचो. दुसऱ्यांदा त्या खोलीकडे फिरकायचो नाही. शहाणी, धडधाकट, ओली बाळंतीण नवी खाट सोडून त्या खाजेत कशाला जाऊन बसेल? तिला तिथं खाजेपेक्षा मोठं काहीतरी मिळत असलं पाहिजे.

मी उठले आणि शोभाबाईंच्या हाताखालून सरळ आत शिरले. मागून "ओ मॅडम, ओ बाई" असं चालू होतं. वाद मागाहून घालता येईल, असं मी ठरवून टाकलं होतं.

कापसाची खोली जवळजवळ रिकामी झाली होती. एका कोपऱ्यात छातीइतका ढीग उरला होता आणि त्याला पाठ लावून प्रणिता बसली होती. पाय लांब, सुजलेले. मान खाजवून खाजवून रक्ताळलेली. लेकरू शेजारी गोधडीवर. आणि तिचा श्वास वावरातून धावत आल्यासारखा चालला होता. ती मात्र सकाळपासून जागची हललेली नव्हती.

"इथं काहून बसली वं माय?" मी विचारलं.

"इथं... जीव बसते जरा." एवढ्याशा बोलण्यात तिला दोनदा थांबावं लागलं. "आडवी झाली का... छातीवर कोनी बसल्यावानी होते."

"मंग सिस्टरले सांगितलं काहून नाई फोनवर?"

"ते म्हने उशा किती." ती थांबली, श्वास घेतला. "बाळंतिनीले उशी... कोन देते मॅडम?"

खरंच कोण देतं? आमच्याकडे बाळंतिणीची उशी काढूनच घेतात. उशी घेतली तर मान धरते, असं म्हणतात. माझ्या स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या आईनं माझी उशी काढून घेतली होती, मी एवढी शिकलेली असताना. आणि तरी इतके महिने हा प्रश्न मीच गाडीत घालून गावोगाव फिरवत होते! ज्या बाईला घरात एक उशी मिळत नाही तिला आम्ही विचारत होतो, तीन लागतात का.

मशीन तिथंच लावलं. तिला आडवं न करता, कापसाला टेकलेलं असतानाच मी छातीवर मशीनचा हात ठेवला. हृदय फुगून भोपळा झालं होतं आणि जेमतेम हलत होतं. सिस्टरनं पडदा बघितला आणि तिचा गोड आवाज एकदम करडा झाला. "गाडी काढा, सलीमभाई."

शोभाबाई दारात आडव्या झाल्या. सव्वा महिना झाल्याशिवाय वेशीबाहेर? सासरचे काय म्हणतील? जिवाला काही झालं तर? मी त्यांच्याशी चांगलं बोलायला पाहिजे होतं. मी चांगली बोलले नाही. म्हटलं, "शोभाताई, हवा लागली तर पाहून घेऊ. पन हे अशीच राह्यली तर पोरगी जाते तुमची. आज-उद्यात जाते." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग ढाणकीला, विहिणीला फोन लावला. मला वाटलं, आता दुसरी आघाडी उघडली. पलीकडून सासूबाईंचा आवाज अख्ख्या घरात ऐकू आला, "इचारून काय राह्यली बाई? ने ना लवकर! सून परत पायजे मले!" त्या बाईंना मी अजूनही दर दिवाळीला फोन करते.

आता न्यायचं कसं? आडवं करायचं नाही. बसवून न्यायचं तर पाठीला आधार काय? सलीमभाईंनी गाडीच्या मागच्या जागेचा अंदाज घेतला. "मांगची शीट पाडून देतो. पन कायले तरी टेकवा लागन तिले, नाई तं मान टाकीन ते."

रामराव तोवर भिंतीला धरून उभे होते. ते सरळ कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेले, चादर पसरली आणि दोन्ही हातांनी कापूस ओढून भरायला लागले. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "अहो भाऊ, तो तं मोजाचा हाय अजून." रामरावांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. चादरीचं भलंमोठं गाठोडं गाडीत ठेवलं, आणि लेकीला उचलून त्याला टेकवलं. शोभाबाई नातीला घेऊन पुढे, सलीमभाईंच्या शेजारी बसल्या.

महागावच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन मिळाला आणि फुफ्फुसातलं पाणी लघवीवाटे काढणारं इंजेक्शन देता आलं. तिथून आर्णीवरून यवतमाळ. त्या रस्त्यावर सलीमभाईंनी गाडी अशी चालवली, की एकही खड्डा तिच्यापर्यंत पोचला नाही आणि एकही ट्रक आमच्या पुढे गेला नाही. मी तिच्या नाडीवर बोटं ठेवून बसले होते. आर्णी मागे पडली तेव्हा तिनं पहिल्यांदा पूर्ण वाक्य एका दमात म्हटलं. "मॅडम, लेकरू भुकेजलं असन." मी खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरनं पेशंटसमोर रडू नये, असं मीच विद्यार्थ्यांना शिकवते.

यवतमाळच्या रुग्णालयात गाठोड्यासकट तिला आत नेलं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरानं शिस्तीत प्रश्न सुरू केले आणि तो त्या प्रश्नावर आलाच. "झोपताना किती उशा लागतात?"

"एकच," मी म्हटलं, "पण क्विंटलात मोजावी लागेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्या मागच्या गाठोड्याकडे बघितलं, आणि मग पांढऱ्या कोटावर चिकटलेला कापूस झटकत कामाला लागला. पोरगा हुशार होता. गाठोडं काढायला लावलं नाही.

ती वाचली. हे मी एका वाक्यात लिहिते आहे, पण ते पहिले काही दिवस वॉर्डात मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. शोभाबाई बाहेर बाकावर नातीला घेऊन बसायच्या आणि मी दिसले की फक्त उभ्या राहायच्या, विचारायच्या नाहीत. मी मान हलवली की पुन्हा बसायच्या.

पुढची लढाई पडद्यावरची. मी मोठ्या सरांना म्हटलं, प्रश्न बदलायचा. ते म्हणाले, जगात सगळीकडे हाच विचारतात, अभ्यास मध्यावर आल्यावर बदलता येत नाही. मी म्हटलं, जुना राहू द्या, त्याला लागून एक नवा घाला. त्यावर ते शास्त्रीय पद्धतीबद्दल बरंच काही बोलले. मी शांतपणे ऐकलं, आणि मग अशांतपणे विचारलं, "सर, तुमच्या आईनं बाळंतपणात उशी घेतली होती का? आज घरी जाऊन विचारा." दुसऱ्या दिवशी परवानगी आली. घरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवा प्रश्न असा होता, "रात्री कशाला टेकता?" तो घेऊन आम्ही सगळ्या जुन्या बायकांकडे पुन्हा गेलो. काय काय उत्तरं मिळाली! ज्वारीच्या कोठीला. शिलाई मशीनला. दाराच्या चौकटीला. उमरखेडच्या एका मेकॅनिकच्या बायकोनं सांगितलं, "इनकी पीठ को. रातभर बैठे रहते बिचारे." तो नवरा लाजून गॅरेजमध्ये पळाला. एका आजीनं सुनेऐवजी स्वतःच उत्तर दिलं, "देवाले." आणि यातल्या ज्या ज्या कशाला तरी टेकत होत्या त्यांच्या छातीवर मशीन ठेवलं, तेव्हा थकलेली हृदयं एकामागून एक दिसायला लागली. औषधं सुरू झाली. बायका आडव्या व्हायला लागल्या.

एक घर राहिलं. त्या बाईनंही फोनवर "एकबी नाई" सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सासूनं दाराच्या पायरीकडे बोट दाखवलं. रात्रभर इथंच बसून राहायची म्हणाली, मग एक दिवस वारं लागलं आणि गेली. त्या पायरीवर मी बसले आणि बराच वेळ उठले नाही. एवढं एक सोडलं तर मला माझ्या कामाबद्दल कसलीही रुखरुख नाही. पण ते एक सुटत नाही.

आमचा प्रश्न आता बाकीच्या ठिकाणीही विचारतात. समुद्राकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी फोन करून सांगितलं, त्यांच्याकडे बायका मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगाला टेकतात. त्यांच्याही बायका अशाच नजरेतून सुटत होत्या. मोठे सर आता भाषणात या प्रश्नाची गोष्ट स्वतः सांगतात. थोडी मीठमसाला लावून सांगतात, पण यवतमाळचं नाव घेतात. मला तेवढं पुरे.

या वर्षी आम्ही प्रणिताच्या शेवटच्या तपासणीला फुलसावंगीला गेलो. औषधं कमी करत आणलेली होती. हृदय पूर्ववत झालं असेल तर तिला मोकळं करायचं होतं. ती माहेरी आली होती, सोबत ढाणकीच्या सासूबाईही. मुलगी अंगणभर पळत होती आणि सलीमभाईंच्या गाडीचा हॉर्न वाजवत होती. दुसरं बाळंतपण अशा हृदयाला धोक्याचं असतं, हे सांगायला मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, दुसऱ्याचं नाव बी काहाडत नाई आमी. हे एक पोट्टी दहाले भारी हाय."

प्रणिताला त्याच नव्या खाटेवर झोपवलं. मशीन लावलं. पडद्यावर हृदय असं सणसणीत चाललं होतं, की मी सिस्टरला बोलावून उगीचच दोनदा दाखवलं. आवरून, जेल पुसून, तिला सांगायला वळले तर ती झोपलेली. सपाट, उताणी, डोक्याखाली काही नाही, तोंड थोडं उघडं. वावरातून आलेली बाई दुपारी झोपते तशी. शोभाबाई तिला हलवायला पुढे आल्या, तर मी त्यांचा हात धरला.

रामराव दारात उभे होते. त्यांनी मला खुणेनं पलीकडच्या खोलीत नेलं. खोली रिकामी होती, आणि कोपऱ्यात कापसाचा तोच ढीग होता, आता पिवळट पडलेला. शोभाबाई मागून पुटपुटल्या की घरभर खाज सुटली, भाव आला अन् गेला, पण हा माणूस हात लावू देत नाही.

"ठेवला होता मॅडम," रामराव म्हणाले. "म्हटलं, लागला पोरीले पुन्हा, तं घरात असावा."

मी त्यांच्याकडे बघितलं. बाजूच्या खोलीतून लेकीच्या झोपेतला श्वास ऐकू येत होता, लांब आणि सावकाश.

"रामरावभाऊ," मी म्हटलं, "आता इकून टाका."